हातोडीसकट आत

तीनवारइतक्या वेगाने लिलाव पुकारणारा माणूस त्या शहरात दुसरा नव्हता. लोक त्याचं श्रेय त्याच्या जिभेला द्यायचे. काय जीभ आहे, कात्रीसारखी चालते, म्हणायचे. जीभ बिचारी निमित्त होती. खाली आतड्याला पीळ पडला की वर जीभ आपोआप पळायची, एवढंच. अशा वेळी "एक वार, दोन वार, तीन वार" हे शब्द तो इतके एकमेकांना चिकटवून टाकायचा की ऐकणाऱ्याला एकच शब्द ऐकू यायचा. त्यावरून नाव पडलं तीनवार. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच धूळ खात होतं.

लिलावघर म्हणजे एका जुन्या गोदामाचा लांबलचक हॉल. वारलेल्यांच्या घरचं, परगावी निघालेल्यांच्या घरचं, काडीमोडात दोघांनाही नको झालेलं असं सगळं सामान तिथे यायचं. पुढे लाकडी चौथरा, चौथऱ्यावर मेज, मेजावर हातोडी. भिंतीवर पाटी: हातोडी पडेपर्यंत बोली खुली. आणि चौथऱ्याच्या अगदी मागे, फळ्यांच्या पातळ आडोशापलीकडे, संडास. भर हॉलच्या तोंडाशी संडास बांधणाऱ्याला सगळे मूर्ख म्हणायचे. तीनवार मात्र त्या अज्ञात गवंड्याला रोज मनातल्या मनात हात जोडायचा. देवाने जे केलं नाही ते त्या गवंड्याने केलं होतं.

दुखणं जुनं होतं. आधी कान लाल व्हायचे, मग गाल, मग मान. मग पोटात कुणीतरी ओला टॉवेल पिळतंय असा पीळ. आणि त्यानंतर जे व्हायचं ते थांबवणं देवाच्या बापालाही जमलं नसतं. पहिल्या डॉक्टरने गॅस सांगितला. दुसऱ्याने काळजी करू नका असं सांगून बिल असं दिलं की काळजी वाटावी. आणखी एकाने बायकोशी पटतं का असं विचारलं. तेव्हापासून बायको त्याच्या दवाखान्यापुढून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं तर बोलायलाच नको. पोट म्हटलं की प्रत्येकाच्या खिशातून एक पुडी निघतेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा कारभार.

शेवटी एका डॉक्टरीणबाईने रोग पकडला, तोही मांडीवरून. पोटाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला तिने कपडे बाजूला करायला लावले आणि मांडीवरचे तपकिरी ठिपके बघून विचारलं, "हे कधीपासून?"

"ते जुने सोबती आहेत हो. त्यांचा काही त्रास नाही."

तिने पेनाच्या टोपणाने एक ठिपका घासला. बघता बघता तो लाल होऊन गांधीलमाशी चावल्यासारखा फुगला. मग रक्त काढलं, वरून एकदा आणि खालून एकदा नळी घालून आतले बारीक तुकडे काढले. तीनवारने एवढंच सुचवलं होतं, "बाई, नळी एकच असेल तर आधी वरून घाला. क्रमाला महत्त्व आहे." भूल देणारा माणूस इतका हसला की त्याला बाहेर जाऊन यावं लागलं.

निकाल आल्यावर बाईने समजावलं. "आपल्या अंगात पहारेकरी असतात. मास्ट सेल म्हणतात त्यांना. चोर आला की ते शिट्ट्या फुंकतात. तुमच्याकडे त्यांची भरती जरा जास्तच झाली आहे, आणि आतड्यात तर त्यांची वस्तीच आहे. शिवाय डोक्याने तापट. चोर कशाला, मांजर गेलं तरी सगळे मिळून शिट्ट्या मारतात. त्या गोंधळात जी रसायनं सांडतात त्यांनी तोंड लाल होतं, पोटात कळा येतात, मळमळतं, छातीत जळजळतं आणि जुलाब होतात."

"मग त्यांना कामावरून काढता येईल का?"

"नाही. पण गोळ्यांनी त्यांना थोडं गुंगीत ठेवता येतं. आणि मांजर कोणतं ते तुम्ही शोधायचं. कुणाला उन्हाने होतं, कुणाला दारूने, कुणाला एखाद्या खाण्याने, उग्र वासाने, काळजीने. ज्याचं मांजर वेगळं."

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला उकडलेला बटाटा घालत होते ते उगाच?"

"उगाच नाही. बटाट्याने त्रास झाला नाही कधी."

"चवही आली नाही कधी. मीही तोच खाल्ला हो तुमच्याबरोबर."

गोळ्या सुरू झाल्या, जेवणाआधी पाण्यात मिसळून घ्यायचं एक औषध सुरू झालं आणि घरात चमत्कार झाला. माणूस रविवारी सलग दुपारभर खुर्चीत बसून राहिला. बायकोने शेजारणीला बोलावून दाखवला. पण लिलावघरात मात्र जैसे थे. ऐन मोलाची वस्तू चौथऱ्यावर आली की कान तापलेच, जीभ पळालीच, हातोडी आपटून मेजावर टाकली आणि साहेब फळ्यांच्या मागे. मोलाच्या वस्तू मातीमोल जायला लागल्या, कारण साधी माणसं बोली वाढवावी की नाही याचा विचार करेपर्यंत तीन वार होऊन गेलेले असायचे. घेणारे कोण, तर जुन्या सामानाचे दलाल. पुढच्या दोन रांगांत बसणारी ती टोळी आणि तिचा म्होरक्या कोटवाला. हा उन्हाळ्यातही कोट घालायचा, म्हणून कोटवाला.

एके दिवशी मालकाने तीनवारला बोलावून घेतलं. शेजारी जावई बसला होता. जावयाला नोकरी नव्हती, पण आवाज मोठा होता, आणि सासऱ्याच्या मते लिलावाला तेवढं पुरतं.

"घरी बरा असतोस म्हणे," मालक म्हणाला.

"हो मालक. औषध लागू पडलंय."

"घरी बरा आणि कामावर आजारी. हा रोग मला माहीत आहे, माझ्या निम्म्या नोकरांना आहे." त्याने जावयाकडे पाहिलं, जावई हसला. "हे बघ, पुढच्या आठवड्यात औषधवाल्यांचा काउंटर येतोय. शंभर खणांचा. पुन्हा अशी वस्तू आपल्याकडे यायची नाही. त्या दिवशी जर हातोडी मेजावर टाकून पळालास, तर ती जावईबापू उचलतील आणि मग ती त्यांच्याच हातात राहील. समजलं?"

तीनवारला समजलं. हातोडी गेली तर मागे गोदामात सामान मोजायचं काम, नाहीतर तेही नाही. पण खरी गोष्ट अशी की, ह्या माणसाला सगळ्या जगात एकच काम येत होतं आणि ते त्याला आवडत होतं. कुणाच्या तरी घरातून निघालेली खुर्ची कुणाच्या तरी घरात नीट जाऊन पडली की त्याला पोरगी उजवल्यासारखं वाटायचं.

त्या रात्रीच्या जेवणाला त्याची थोरली बहीण आली होती. ताईने उभा जन्म लाँड्री चालवली. शर्ट नाकाशी नेऊन तो कुणाचा, काल कुठे बसला होता आणि बायकोला काय सांगून गेला होता, हे ती सांगायची. तिच्यामुळे गल्लीतली दोन लग्नं मोडली होती आणि एक जमलं होतं.

"मांजर सापडत नाही म्हणतोस," ती म्हणाली. "उद्या मी येते तुझ्या हॉलात. बघू कुठलं मांजर आहे."

"ताई, तिथे काय तू माझ्या पोटावर कान लावून बसणार?"

"कान कशाला, बाळ्या. मला नाक आहे."

दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या रांगेत विणकाम घेऊन बसली. चिल्लर वस्तू गेल्या: भांडी, पायपुसणी, बिनकाट्याची घड्याळं. तीनवार ठणठणीत. मग लिलावघराच्या हमालदादाने शिसवी लाकडाचं कपाट पुढे आणलं, आणि ताईच्या सुया थांबल्या. पुढच्या दोन रांगांत सगळ्यांनी एकदम खिशातून रुमाल काढले. कुणी मान पुसली, कुणी नुसतेच झटकले. पंख्याचा वारा चौथऱ्याकडे होता. तीनवारचे कान लाल झाले. "एकवारदोनवारतीनवार," हातोडी खाली, कपाट कोटवाल्याचं, लिलाव पुकारणारा फळ्यांमागे.

तो बाहेर आला तेव्हा ताई दाराशी वाट बघत उभी होती.

"ती सगळी माणसं एकाच वासाची आहेत," ती म्हणाली. "घामाचा वास प्रत्येकाचा वेगळा असतो रे, सेंटचाही वेगळा असतो. पंधरा पुरुष एकाच बाटलीतून निघालेले मी कधी बघितले नाहीत. दाढी झाल्यावर न्हावी गालाला लावतो ना, ते झोंबणारं, स्वस्तातलं, हिरव्या बाटलीतलं? ते. आणि ते दाढीला नाही लावत, रुमालाला लावतात. ते पण वस्तू बघून."

तीनवार मटकन एका विकायच्या स्टुलावर बसला. हिरवी बाटली त्याला चांगली आठवत होती. मागच्या वर्षी एक केशकर्तनालय बंद पडलं होतं. खुर्च्या, आरसे आणि हिरव्या बाटल्यांचं एक भरलेलं खोकं. चौथऱ्यावर चढवताना हमालदादाच्या हातून त्यातली एक बाटली फुटली, घमघमाट सुटला, आणि तीनवारला असा काही पीळ पडला की त्याने ते खोकं आणि त्यामागच्या आणखी दोन वस्तू एका दमात फुंकून टाकल्या. खोकं घेतलं होतं कोटवाल्याने. तेव्हा त्याला वाटलं होतं, ह्याला एवढं कशाला लागतंय, ह्याच्या गालावर तर दाढी आहे.

"म्हणजे माझ्याच डोक्यात घालायचा दगड मीच विकला त्याला," तो म्हणाला.

"आणि तोही स्वस्तात," ताई म्हणाली.

मालकाला सांगून काही उपयोग झाला नाही. "मग काय, दारावर उभं राहून गिऱ्हाइकांचे रुमाल हुंगू?" तो म्हणाला. "माणसं स्वच्छ होऊन येतात, चांगलं आहे. तू तुझं पोट सांभाळ." कोटवाल्याला हमालदादाने आडून विचारलं, तर तो म्हणाला, आम्ही आमच्या बायकांसाठी लावतो. ह्यावर हमालदादाचं मत असं होतं की, त्या बायकांना एकदा बोलावून विचारलं पाहिजे.

डॉक्टरीणबाईने गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या, पंख्याचा वारा आपल्याकडून लोकांकडे जाईल असं करा म्हणाली, मास्क बांधा म्हणाली. जावई म्हणाला, तोंड बांधलेला लिलाववाला कुणी ऐकणार नाही. आणि भिंतीवरचा तो पंखा मालकाच्या डोक्यावरचा होता, तो हलणार नव्हता.

"आधीच सांगून टाका ना सगळ्यांना," आदल्या संध्याकाळी बायको म्हणाली. "की बाबांनो, माझं असं असं आहे."

"भर हॉलात? की मला संडासला लागते?"

"मग काय त्यांना ठाऊक नाही? तुम्ही इतकी वर्षं त्या फळ्यांमागे काय पूजा करायला जाता असं वाटतं का त्यांना?"

"तुझी बायको बरोबर बोलते," ताई सुया चालवत म्हणाली. "तुझं दुखणं आतड्यात निम्मं आणि लाजेत निम्मं. लाज वाटते म्हणून घाई करतोस आणि घाई केलीस की ते लुटतात. आणि पळताना हातोडी टाकतोस कशाला? ने की बरोबर. साबण नेतोस ना?"

बायको हसली. तीनवार हसला नाही. पण त्याने दुसरा बटाटा घेतला.

काउंटरच्या दिवशी हॉल तुडुंब भरला. पहिल्या रांगेच्या कडेला औषधवाल्याची विधवा म्हातारी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. काउंटर तिच्या नवऱ्याचा. मधल्या रांगांत एक बियाणंवाली होती. ती सकाळी येऊन एकेक खण उघडून, आत हात घालून, हुंगून गेली होती. तिच्यापासून थोड्या अंतरावर बटणांच्या दुकानाचा मालक, जाड चष्म्याचा. दोघांनाही काउंटर हवा होता हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि दोघंही अशी माणसं की दुकानात शिरली तर आधी पूर्ण दुकान बघणार, मग घरी जाऊन विचार करणार, मग परत येणार.

तीनवारने गोळी वेळेवर घेतली होती. काउंटर पुढे आला. लाकूड पुसून चकचकीत केलेलं, खणाखणाला पितळी मुठी. त्याने पहिली बोली पुकारली. कोटवाल्याने अगदीच किरकोळ आकडा टाकला आणि खिशात हात घातला. मागोमाग दोन रांगांतून रुमाल निघाले. त्या दिवशी मंडळींनी खोक्याचा तळ गाठला असावा. वास असा आला की शेवटच्या रांगेत ताईलाही शिंक आली.

कान तापले. गाल तापले. गोळीने थोडा वेळ धरून ठेवलं, पण आत पहारेकऱ्यांनी एकेक शिट्टी तोंडात धरलीच. टॉवेलला पहिला पीळ पडला. बियाणंवालीने कोटवाल्याच्या थोडं वर एक बोली लावली आणि स्वतःच घाबरून खाली बघितलं. कोटवाल्याने लगेच एक पाऊल पुढे टाकलं आणि अगदी शेवटच्या क्षणी तिच्यावर बोली मारायची म्हणून तो हातोडीकडे बघत उभा राहिला. जावई भिंतीपासून सरकून चौथऱ्याच्या पायरीपाशी आला. आता फक्त तीन शब्द म्हणायचे, हात खाली आणायचा आणि पळायचं. जीभ तयारच होती.

तीनवारने तोंड उघडलं आणि दुसरंच काहीतरी म्हणाला.

"मंडळी, मला आतड्याचा रोग आहे. हे पुढे बसलेले लोक रुमालाला जे लावून आलेत त्याने मला जुलाब होतात. आता होणार आहेत. मी आत जातोय. हातोडी माझ्याबरोबर येतेय. पाटी वाचा. बोली चालू ठेवा."

आणि हातोडी छातीशी धरून तो गेला. फळ्यांचं दार लागलं, कडी लागली.

हॉलमध्ये अशी शांतता झाली की आतलं सगळं ऐकू आलं. ते इथे लिहीत नाही, ज्याने त्याने आपापलं आठवावं. मग आतून आवाज आला, जरा दबलेला, पण धंद्याचा:

"बोली बियाणंवाल्या बाईंची आहे. वाढवतंय कुणी?"

कोटवाला बावचळला. इतकी वर्षं तो तोंडाचा रंग बघून बोली लावत आला होता. आता समोर फक्त दार होतं. त्याने एक बोली लावली. आतून काहीच आलं नाही. मग हातोडी पडेल असं वाटून त्याच्याच टोळीतल्या एकाने घाबरून त्याच्यावर बोली लावली. दोघं एकमेकांकडे खाऊ का गिळू असं बघत राहिले.

इकडे सावकाश माणसांना त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा पुरेसा वेळ मिळाला होता. बियाणंवाली उठली, काउंटरपाशी गेली, पुन्हा दोन खण उघडून बघितले, परत येऊन बसली आणि बोली वाढवली. बटणवाल्याने चष्मा पुसला आणि वाढवली. शेजारच्या माणसाने त्याला विचारलं, एवढ्या खणांचं काय करणार. तो म्हणाला, काळ्या बटणांचेच सत्तावीस प्रकार असतात.

"एक वार," आतून आलं. मग एक लांब, दुःखी विराम. "थांबा जरा."

लोक हसायला लागले, पण कुणी उठलं नाही. खिडक्या कुणीतरी उघडल्या. औषधवाल्याची म्हातारी पिशवी सावरत शेजारणीला म्हणाली, "आमच्या काउंटरवर आयुष्यभर निम्मी माणसं पोटाचंच औषध मागायला यायची. सगळी कुजबुजून मागायची. आमचे हे म्हणायचे, मोठ्याने सांगा, मला ऐकू कमी येतं. येत होतं सगळं ऐकू."

बियाणंवालीने पुन्हा वाढवली. बटणवाला पुष्कळ वेळ छताकडे बघत राहिला आणि मग त्याने बाईकडे बघून मान हलवली, की घ्या.

"दोन वार," आतून आलं. कोटवाल्याने रुमाल खिशात कोंबला. त्याच्या हिशोबात आता काहीच बसत नव्हतं.

"तीन वार," आणि पाण्याच्या लोखंडी पाइपवर हातोडीचा असा दणका बसला की तो भिंतीतून, छतातून, मालकाच्या डोक्यावरच्या पंख्यातून घुमत गेला. पाठोपाठ पाणी सुटलं.

तीनवार बाहेर आला तेव्हा लाल उतरून पांढरा पडला होता. हातोडी हातातच होती.

कोटवाला मालकाकडे गेला. "हा लिलाव धरायचा नाही. पुकारणारा चौथऱ्यावर नव्हता."

मालकाने आधी बियाणंवालीकडे पाहिलं. ती आकडा पुन्हा पुन्हा मनात म्हणत होती आणि हसत होती. एवढी किंमत त्या हॉलात कुठल्याच लाकडाला आली नव्हती. मग त्याने भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचली. "हातोडी पडेपर्यंत बोली खुली. कुठे पडावी, ते लिहिलेलं नाही." आणि पायरीपाशी हात पुढे करून उभ्या असलेल्या जावयाला म्हणाला, "तुम्ही जरा तो पंखा फिरवा. ह्याच्याकडून पलीकडे."

म्हातारी चौथऱ्यापाशी आली आणि तिने तीनवारला पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. त्याने ती सगळी पिऊन टाकली.

हॉल रिकामा झाल्यावर मालक जवळ येऊन हळूच म्हणाला, "ऐक, पुढच्या महिन्यात एक पियानो येतोय. मी म्हणतो, महागाचा माल आतूनच पुकारलास तर?"

"मालक, ते माझ्या हातात असतं, तर ही वेळ आली असती का?"

संध्याकाळी घरी ताई आणि बायको वाट बघत बसल्या होत्या. हमालदादाने बातमी आधीच पोचवली होती, आणि पाइपवरच्या दणक्याची नक्कल करून दाखवायला त्यांच्या घरचा एक डबा चेपवलाही होता. तीनवारने पिशवीतून हातोडी काढून टेबलावर ठेवली. आता ती त्याच्याकडेच राहणार होती, घरीसुद्धा न्यायची, असं मालकच म्हणाला होता.

बायकोने ती दोन बोटांनी उचलली आणि त्याच्या हातात परत दिली.

"जेवणाच्या टेबलावर नाही," ती म्हणाली. "कुठे कुठे गेली होती ते आम्हाला कळलंय."

"साबण लाव," ताई म्हणाली. "बिनवासाचा."

तो मोरीत जाऊन ती नीट, दांड्यापासून टोकापर्यंत धुवायला लागला. बाहेर दोघी त्याच्यासाठी ताट वाढत होत्या आणि बटाट्याबरोबर आता आणखी काय देऊन बघावं, ह्यावरून त्यांचं जुंपलं होतं.